ब्रेक नुसता कसून देऊ नका राजेहो: ढिला, कडक, थरथरता ब्रेक घरच्या घरी कसा ओळखायचा

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. बायकोची स्कूटर, नागपुरात मानेवाडा ते बर्डी रोजची ये-जा. ती म्हणे मागचा ब्रेक लागूनच नाही राहिला, लिव्हर पार मुठीला टेकते. मी म्हटलं कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडून कसून घे. त्यानं दोन मिनिटात कसून दिला, पैसे बी नाही घेतले. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा कसला. तिसऱ्या वेळी तो म्हणे वहिनी, आता कसायला आटेच नाही उरले. तेव्हा कुठं मी रविवारी चाक खोललं, तं शूवरचे (शू म्हणजे ड्रमला आतून दाबणारे तुकडे) लायनर, म्हणजे घासणारा थर, पार संपलेले आणि शूचं धातू ड्रमला घासून आत नाली पडलेली. त्या गाडीचा ड्रम चाकातच असते, म्हणजे जिथं शूच्या जोडीत भागलं असतं तिथं अख्ख्या चाकाचं बोलणं सुरू झालं.

चूक मिस्त्रीची कमी आणि माझी जास्त, कारण ब्रेक ढिला झाला की "कसून दे" आणि ब्रेक ऑइल कमी झालं की "टाकून दे" हे दोनच इलाज आपल्याला येतात. दोन्हीनं होते काय, ब्रेक तेवढ्यापुरता चांगला वाटते आणि खरा बिघाड झाकून जाते. म्हणून खाली जे लिहितो ते एकाच गोष्टीभोवती आहे, कसायच्या किंवा ओतायच्या आधी ब्रेक कशानं बिघडला ते हातानं, पायानं, कानानं कसं ओळखायचं. गाडी दुचाकी असो का कार, बरंच सारखंच आहे, जिथं फरक आहे तिथं सांगतो.

आधी गाडी उभी असतानाच तपासा

कार असेल तं ही टेस्ट एक मिनिटाची आहे. गाडी सपाट जागी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन बंद. आता ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होत जाईल, ते बरोबर आहे कारण बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणारा भाग) व्हॅक्यूम संपतो. मग पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन स्टार्ट करा. पेडल थोडंसं खाली गेलं पाहिजे. गेलं म्हणजे बूस्टर काम करून राहिला. अजिबात हललं नाही तं बूस्टर, त्याचा व्हॅक्यूम पाइप किंवा पाइपमधला व्हॉल्व्ह यात काहीतरी आहे, पाइप फाटलेला किंवा निघालेला असेल तं बोनेट उघडल्यावर कधीकधी सुईं असा आवाजच येतो.

त्यानंतर इंजिन चालूच ठेवून पेडल मध्यम जोरानं अर्धा मिनिट दाबून धरा. पेडल एका जागी थांबलं पाहिजे. हळूहळू खाली सरकत गेलं तं ऑइल कुठंतरी गळून राहिलं नाहीतं मास्टर सिलेंडरच्या (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) आतले रबर गेले. बाहेर कुठं ओल दिसत नसेल, चाकांच्या आतल्या बाजूला पण कोरडं असेल, तं बहुतेक मास्टर सिलेंडरच. अशी गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा किंवा टो करा, हे मी घाबरवायला नाही सांगून राहिलो, ते रबर एकदा पूर्ण उलटलं की पेडल सरळ फ्लोअरला जाते.

आता पेडल मऊ लागते म्हणजे नेमकं कसं लागते, यात लोक घोळ करतात. दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, पेडल खोल जाते पण खाली गेल्यावर टणक लागते, आणि लगेच दोन-तीनदा पंप केलं की वर येते, म्हणजे मागच्या ड्रमचे शू ड्रमपासून लांब गेले, ॲडजस्टमेंट पाहिजे किंवा लायनर संपले. दुसरं, पेडल स्पंजसारखं दबते, फुग्यावर पाय ठेवल्यासारखं, म्हणजे लाइनमध्ये हवा आहे. पहिल्यात एअर काढून काही होत नाही आणि दुसऱ्यात ॲडजस्ट करून काही होत नाही. बाइकच्या डिस्क ब्रेकचं लिव्हर मुठीपर्यंत मऊ-मऊ येत असेल तं ते दुसऱ्यातलंच.

आणि तिसरा प्रकार, पेडल दगडासारखं कडक पण गाडी थांबतच नाही. यात बूस्टर तरी गेला (वरची टेस्ट सांगेल) नाहीतं पॅडवर (डिस्कला दोन्हीकडून आवळणारे तुकडे) तेल-ग्रीस लागलं, नाहीतं पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत झाले.

ड्रम ब्रेकची दुचाकी: नट फिरवायच्या आधी बाण पाहा

मागच्या चाकापाशी जिथं ब्रेकचा दांडा किंवा केबल येऊन एका छोट्या आर्मला जोडलेली असते, तिथं बहुतेक गाड्यांना एक बाण असते आणि प्लेटवर एक खूण. कोणालातरी ब्रेक पूर्ण दाबायला सांगा. दाबल्यावर बाण खुणेला भिडला किंवा पुढं गेला तं शू संपले, कसायचा विषय संपला, बदलायचे. माझ्या बायकोच्या गाडीला हा बाण होता राजेहो, तीन वेळा कसताना कोणीच नाही पाहिला, मी पण नाही.

बाण नसेल किंवा गंजून दिसत नसेल तं आर्मकडं पाहा. ब्रेक दाबल्यावर दांडा आणि आर्म यांच्यात काटकोन किंवा त्याच्या आसपासच राहिला पाहिजे. आर्म पार पुढं झुकला असेल तं तुम्ही कितीही जोर लावा, तो जोर शूपर्यंत जात नाही. काही लोक अशा वेळी आर्म काढून त्याच्या दात्यांवर एक घर मागं बसवतात, की पुन्हा कसायला जागा मिळते. हे अजिबात करू नका. यानं संपलेला शू अजून घासला जाते आणि कॅम (आर्मनं फिरून शू बाहेर ढकलणारा आतला तुकडा) कधीकधी पूर्ण फिरून तिथंच अडकतो, मग चाक जाम.

बाण ठीक असेल तं मग खुशाल कसा. पद्धत अशी: गाडी मेन स्टँडवर, बाइक न्यूट्रलमध्ये. स्कूटरच्या लिव्हरला टोकाशी साधारण १० ते २० मिमी मोकळं खेळणं पाहिजे, बाइकच्या मागच्या पेडलला २० ते ३० मिमी. तुमच्या गाडीच्या पुस्तकात नेमका आकडा आहे, तो पाहा. नट अर्धा-अर्धा फिरवा, त्याच्या खाचेत नीट बसला का पाहा, आणि प्रत्येक वेळी चाक हातानं फिरवा. चाक घासत असेल तं मागं घ्या. लोकांना "टाइट ब्रेक" आवडते, खेळणंच ठेवत नाहीत, मग शू दिवसभर ड्रमला टेकून राहते, चाक तापते, मायलेज पडते आणि महिन्याभरात पुन्हा ढिला. कसल्यावर ब्रेक लाइट पण पाहून घ्या, कारण पेडल वर-खाली झालं की स्विचचं सेटिंग हलते आणि लाइट सतत चालू राहते किंवा लागतच नाही.

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना सीबीएस (दोन्ही ब्रेक सोबत लावणारी व्यवस्था) आणि त्याच्या वरच्यांना एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी व्यवस्था) बंधनकारक झालं. सीबीएसवाल्या स्कूटरमध्ये डावं लिव्हर दाबलं की पुढचा ब्रेक पण सोबत लागते, त्यामुळं नुसतं मागचं कसलं की दोघांचा ताळमेळ बिघडू शकते. मागचं सेट झालं की मेन स्टँडवर पुढचं चाक उचलून पण फिरवून पाहा, आणि डावं लिव्हर दाबल्यावर पुढचं चाक कधी धरते ते बघा.

शू ठीक आहे, खेळणं ठीक आहे आणि तरी लिव्हर जड जाते, सोडल्यावर आळसावून परत येते? तं केबल सुकली किंवा कॅम सुकला. पावसात पाणी आणि चिखल दोन्ही त्या कॅमच्या शाफ्टात जाते. केबल बदलणं सगळ्यात सोपं. कॅमसाठी ड्रम खोलावा लागते, शाफ्ट बाहेर काढून पॉलिश पेपरनं साफ करायचा आणि अगदी नखभर ग्रीस लावायचं. जास्त लावलं तं ते तापून वितळते आणि लायनरवर येते, मग तो शू गेला, पेट्रोलनं धुवून पण तो ब्रेक पहिल्यासारखा होत नाही. आणि हो, ड्रममधली काळी धूळ तोंडानं फुंकू नका, हवेच्या पाइपनं पण उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्यानं पुसा.

ऑइल कमी दिसलं म्हणून लगेच ओतू नका

डिस्क ब्रेकचं ऑइल वर्षभरात थोडं थोडं खाली जाणं हे नॉर्मल आहे. पॅड झिजते तसा कॅलिपरचा (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन बाहेर येते आणि त्याच्या मागं ऑइल जाऊन बसते, गळालं काहीच नाही. म्हणजे ब्रेक ऑइलच्या डबीतली लेव्हल खाली जाणं हा पॅड संपत आल्याचा निरोप आहे. तुम्ही वरून ओतून दिलं की निरोप पुसला. वर नवीन पॅड टाकताना पिस्टन मागं दाबला की जास्तीचं ऑइल डबीतून बाहेर येते आणि गाडीच्या रंगावर सांडते, आणि हे ऑइल रंग खाते. सांडलंच तं लगेच भरपूर पाण्यानं धुवा, नुसतं पुसू नका.

म्हणून लेव्हल कमी दिसली की आधी पॅड पाहा. कारमध्ये चाकाच्या फटीतून टॉर्च मारली तं बाहेरचा पॅड दिसते, मसाला (पॅडचा झिजणारा थर) ३ मिमीवर आला की बदलायची तयारी करा. पण आतला पॅड कधीकधी बाहेरच्यापेक्षा जास्त झिजलेला असते, कॅलिपरच्या पिना जाम असल्या की तसंच होते, त्यामुळं एकदा चाक काढून पाहणंच बरं. बाइकच्या पॅडवर खाच असते, खाच दिसेनाशी झाली की पॅड संपला. पॅड चांगले जाड आहेत आणि तरी ऑइल कमी झालं, तं मग गळती शोधा: कॅलिपरभोवती, होजच्या (ऑइलचा रबरी पाइप) जोडावर, मागच्या ड्रमच्या खालच्या कडेला, आणि कारमध्ये पेडलच्या वर, जिथं मास्टर सिलेंडर बूस्टरला लागते.

कोणतं ऑइल टाकायचं ते डबीच्या झाकणावर लिहिलेलं असते, डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ हे वेगळंच सिलिकॉनचं प्रकरण आहे, ते यांच्यात मिसळायचं नाही. डॉट ५.१ नावासारखं असलं तरी डॉट ४ च्याच जातीचं. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचं ऑइल ब्रेकच्या डबीत चुकून पण नाही, सगळे रबर फुगून पूर्ण सिस्टीम बदलावी लागते.

आणि हे ऑइल हवेतली ओल पिते. नवं डॉट ४ कमीत कमी २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात पाणी मुरलं की तोच आकडा १५५ पर्यंत येऊ शकते. डॉट ३ चं नवं असताना २०५, पाणी मुरल्यावर १४०. उकळलं की वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल अचानक रिकामं जाते. आपल्या इकडं लोक म्हणतात नवतपात ४५-४६ डिग्रीत ब्रेक ऑइल उकळते, तसं नाही हो. उन्हानं उकळत नाही, ते उकळते घाटात सतत ब्रेक दाबल्यानं किंवा चिकटलेल्या कॅलिपरनं, आणि जुनं असलं तं लवकर उकळते. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी बदला, पाऊस संपल्यावर केलं तं उत्तम. उघडून ठेवलेली अर्धी बाटली पुढच्या वर्षी वापरू नका, ती पण वर्षभर ओल पितच होती.

एअर काढायची, दोघं मिळून

एबीएस नसलेल्या गाडीत हे घरी जमते. एबीएसवाल्या गाडीत पण नुसतं ऑइल बदलणं बहुतेक वेळा जमते, पण एबीएसच्या युनिटमध्येच हवा गेली तं काही गाड्यांना स्कॅनर लागते, तिथं हट्ट करू नका.

पारदर्शक पाइप, तळाशी थोडं ऑइल असलेली बाटली, निप्पलच्या (कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा स्क्रू) मापाचा रिंग पाना, आणि पेडलवर बसायला घरातला एखादा शहाणा माणूस. पाइप निप्पलला लावा, दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. तुम्ही म्हणा "दाब", तो दाबून म्हणेल "दाबलं". मग निप्पल पाव आटा सोडा, ऑइल आणि बुडबुडे येतील, पेडल खाली जाईल. निप्पल बंद करा, त्याच्यानंतरच म्हणा "सोड". हा क्रम चुकला, निप्पल उघडं असताना पाय सुटला, तं जेवढी हवा काढली तेवढी परत आत. माझा पुतण्या मोबाइल पाहत बसला होता तेव्हा माझं असंच झालं, पूर्ण दुपार गेली.

बुडबुडे बंद होईपर्यंत करा, दर पाच-सहा वेळांनी डबीत ऑइल भरा, डबी रिकामी झाली की मास्टर सिलेंडरमधूनच हवा जाते. कारमध्ये बऱ्याचदा सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण काही गाड्यांची लाइन तिरपी असते, पुस्तकातला क्रम तोच खरा. बाइकच्या पुढच्या डिस्कला थोडीशीच हवा असेल तं हँडल सरळ ठेवून, लिव्हर दाबून रबरनं मुठीला बांधून रात्रभर ठेवा, सकाळी बऱ्यापैकी टणक मिळते. हा जुगाड आहे, ऑइल बदलण्याच्या जागी नाही.

आवाज

पावसाळ्यात रात्रभर गाडी उभी राहिली की डिस्कवर गंजाचा पातळ थर येते, सकाळी पहिल्या तीन-चार ब्रेकला खर्र खर्र होते आणि जाते. काही करायचं नाही.

दिवसभर चीं चीं वाजत असेल तं पॅडची पत्री डिस्कला लागून राहिली असेल, बऱ्याच पॅडमध्ये ती मुद्दाम दिलेली असते, पॅड संपत आले हे ओरडून सांगायला. धातूवर धातू घासल्यासारखा घरर्र आवाज आला तं गाडी तिथंच उभी करा, प्रत्येक ब्रेकला डिस्क कापली जाऊन राहिली आहे.

ब्रेक न दाबता एकदम किंचाळल्यासारखा आवाज सुरू झाला, तं आधी रस्ता आठवा. नागपुरात कुठं ना कुठं सिमेंट रोडचं काम चालूच असते, बाजूला गिट्टी पसरलेली. एक बारीक खडा डिस्क आणि मागच्या पत्र्यात अडकला की अख्ख्या रिंग रोडवर लोक वळून पाहतात. थोडं रिव्हर्स घेऊन पुन्हा पुढं घ्या, बहुतेक वेळा पडते. नाही पडला तं चाक काढून पत्रा किंचित बाहेर ओढा. याच्यासाठी कोणी नवीन पॅड टाकायला सांगत असेल तं आधी दाखव म्हणा.

आवाज घालवायला डिस्कवर तेलाचा स्प्रे मारणारे पोट्टे पाहिले आहेत मी. अबे, आवाज जाते आणि ब्रेक पण जाते.

एका बाजूला ओढणं, थरथरणं

ब्रेक दाबल्यावर कार एका बाजूला जात असेल तं आधी चारही टायरची हवा पाहा, फुकटची तपासणी आहे. ती ठीक असेल तं ज्या बाजूला गाडी ओढते त्या बाजूचा ब्रेक जास्त लागतो, म्हणजे बिघाड बऱ्याचदा उलट्या बाजूला असते: तिकडचा कॅलिपर जाम, किंवा पॅडवर ग्रीस.

समृद्धीवर शंभरच्या वर असताना ब्रेक लावला आणि स्टीअरिंग थरथरलं, शहरात चाळीसला काहीच नाही, तं डिस्क सगळीकडं सारखी जाड राहिलेली नाही. "डिस्क वाकली" असं सगळे म्हणतात, पण बऱ्याच वेळा जोरात ब्रेक मारून तापलेल्या डिस्कवर पाय तसाच दाबून थांबल्यानं पॅडचा मसाला एका जागी चिकटलेला असते. दुसरं कारण चाकाचे नट. पंक्चरवाला मशीननं कसतो, एक खूप टाइट, एक कमी. नट चांदणीच्या क्रमानं, समोरासमोरचे असे थोडे थोडे करून कसा. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असते, लेथवर घासायला देताना घासून झाल्यावर त्याच्या खाली जाणार असेल तं घासू नका, बदला. आणि अचानक जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली टकटक करते ते एबीएस काम करून राहिलं, तेव्हा पाय उचलायचा नाही, दाबूनच ठेवायचा.

चिकटलेला ब्रेक

गाडी न्यूट्रलमध्ये पहिल्यासारखी घरंगळत नाही, एक चाक बाकीच्यांपेक्षा जास्त गरम, जळका वास. चाकाला हात लावू नका, रिमवर पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडा, चर्र झालं की समजा. कॅलिपरच्या सरकत्या पिना सुकणं हे सगळ्यात जास्त आढळते, पिना काढून साफ करून ब्रेकचंच रबराला चालणारं ग्रीस लावायचं, साधं नाही. पिना ठीक असतील तं पिस्टन किंवा आतून फुगलेली होज. जाम चाकाचं निप्पल थोडं उघडा, उघडताच चाक मोकळं झालं तं ऑइल मागं जात नाही म्हणजे होज किंवा मास्टर सिलेंडर, नाही झालं तं पिस्टन किंवा पिनाच.

दिवाळीत किंवा लग्नसराईत आठ-दहा दिवस गावाला जाताना, खासकरून गाडी धुतल्यावर किंवा पावसात, हँडब्रेक ओढून ठेवू नका. शू ड्रमला गंजून चिकटतात. सपाट जागी गिअरमध्ये टाका आणि चाकाला विटा लावा.

चिखलदरा, पचमढी आणि उतार

नागपूर सपाट आहे, रामझुल्याचा उतार सोडला तं ब्रेकची खरी परीक्षा इथं होतच नाही. आपण शहरातल्या सवयीनं चिखलदऱ्याहून उतरतो, पूर्ण घाटभर पाय पेडलवर. ज्या गिअरमध्ये चढलो साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक थोडा जोरात आणि थोडा वेळ, मग सोडून द्यायचा. वास यायला लागला, पेडल खोल जायला लागलं तं सुरक्षित जागी थांबा आणि अर्धा तास थंड होऊ द्या, पाणी टाकू नका. स्कूटरला इंजिनचा ब्रेक फार मिळत नाही, तिला मुद्दाम थांबत थांबत आणा.

आणि पेडल गेलंच तं: भराभर पंप करा, गिअर एक एक खाली, हँडब्रेक बटण दाबूनच हळूहळू ओढा, हॉर्न आणि लाइट चालू. इंजिन बंद करू नका, बूस्टर आणि पॉवर स्टीअरिंग दोन्ही जातात, आणि किल्ली काढली तं स्टीअरिंगच लॉक होते. मग डोंगराच्या बाजूची माती पाहा, दरीच्या बाजूची नाही.

काम झाल्यावर

नवीन पॅड टाकल्यावर गाडी हलवायच्या आधी पेडल पंप करा, टणक होईपर्यंत. पिस्टन मागं दाबलेला असते, पहिलं-दुसरं पेडल पूर्ण रिकामं जाते, आणि लोक हे विसरून रिव्हर्समध्ये सरळ गेट तोडतात. मग मोकळ्या गल्लीत दहा-वीसच्या स्पीडला दोन-चार वेळा थांबून पाहा, त्यानंतरच वर्धा रोड. पहिले २०० किमी जोरात ब्रेक टाळा, पॅड डिस्कवर नीट बसू द्या. डॅशवर लाल ब्रेक लाइट राहिला तं हँडब्रेक आणि ऑइलची लेव्हल पाहा, पिवळा एबीएस लाइट राहिला तं साधा ब्रेक लागेल पण एबीएस बंद आहे, दोन्ही सोबत लागले तं गाडी काढू नका.

शेवटी मी एक करतो, ऑइलच्या डबीपाशी पांढऱ्या टेपवर मार्करनं बदलल्याची तारीख आणि किलोमीटर लिहून चिकटवतो. बायकोच्या स्कूटरला ब्रेक ऑइल नाही, तिच्या सीटखाली चिकटवली आहे, त्यावर लिहिलं आहे "कसायच्या आधी बाण पाहा".